मॉडेल डिझेल इंजिनाचा दर्जा नेमका कशात बघायचा? (रविवारच्या चाचणीनंतर पडलेला प्रश्न)

टिकेकरवाडी (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:१५

काल आमच्या माडीवर पाच जण जमलो होतो. प्रत्येकाने आपापली डिझेल इंजिनं आणली. मोजली तर सात निघाली, सगळी एचओ, म्हणजे १:८७. एक मीटर सरळ रूळ घातला, दोन्ही टोकांना पेन्सिलीने खुणा केल्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं.

हिशेब असा आहे. १:८७ मध्ये ताशी ५ किमी म्हणजे सेकंदाला १६ मिमी. या वेगाने मीटरभर जायला ६३ सेकंद लागायला हवेत. ताशी १०० किमीला तोच मीटर ३.१ सेकंदांत संपतो. पळायला कुठलंही इंजिन पळतं. ६३ सेकंद न अडखळता, न गचकता सरकत राहणं अवघड असतं.

सातांपैकी तीनच इंजिनांना ते जमलं. बाकीची मध्येच थांबायची, आणि करंट जरा वाढवला की उडी मारून सुटायची. सगळ्यांत देखणं इंजिन, ज्याच्या छपरावरच्या पंख्याच्या जाळीतून आरपार दिसतं, ते ३० सेकंदांपेक्षा हळू चालायलाच तयार नव्हतं. आणि एक जुनं काटोचं, रंग उडालेलं, एका बाजूचा कठडा तुटलेलं, ते ७० सेकंदांतही एकसारखं गेलं.

टोपण काढून बघितलं. जी तीन नीट चालली त्यांत मोटर मधोमध, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील (जड फिरती चकती), सहाही एक्सलना (चाकांच्या दांड्यांना) गिअर आणि बाराही चाकांतून वीज. मोटर पाच पोलची, म्हणजे आत तारेच्या पाच गुंडाळ्यांची. रुळावर धुळीचा कण आला की क्षणभर वीज तुटते, तेवढा क्षण फिरतं पितळ निभावून नेतं. एखादं चाक घाणीवर चढलं तरी बाकीची अकरा असतात. तीन पोलच्या मोटरला कमी वेगात गचके बसतात, ते वरून कितीही सजवलं तरी लपत नाहीत.

म्हणून माझं मत असं झालंय की दर्जा आधी खाली बघावा, मग वर. आपल्याकडे बोलणं उलट होतं. फोटो आला की रिवेट, कठडे, नंबराची अक्षरं यांवर वीस प्रतिसाद येतात. चालतं कसं, हे कोणी विचारत नाही.

मला याचं इतकं का वाटतं तेही सांगतो. सोलापूरजवळच्या टिकेकरवाडी स्टेशनाशेजारी माझं आजोळ. होटगीकडून आलेली मालगाडी सिग्नलला थांबली की आम्ही पोरं कुंपणाशी जाऊन बसायचो. ती निघताना पहिला काही वेळ चाक फिरतंय की नाही हेच कळायचं नाही. आवाज वाढत जायचा, जमीन थरथरायची, आणि चाकावरचा एखादा पांढरा डाग हळूच वर चढताना दिसायचा. आता वरून तारा गेल्यात, विजेची इंजिनं गाड्या ओढतात, १० फेब्रुवारी २०२३ पासून तर सोलापूरपर्यंत वंदे भारतही येते. ते निघणं आता मला फक्त मॉडेलमध्ये बघता येणार. तिथे ते उडी मारून निघालं तर काय उपयोग?

तुम्ही इंजिन हातात घेतल्यावर पहिलं काय बघता?


नवखा_रूळ · सोमवार, रात्री ९:५०

वाचतोय. माझ्याकडे अजून एकही इंजिन नाही, पहिलं घ्यायचंय. दादा, त्या सातांत आपली भारतीय किती होती?


टिकेकरवाडी · सोमवार, रात्री १०:०५

दोन. दोन्ही डब्ल्यूडीएम-२ (आपल्या रेल्वेचं जुनं ब्रॉडगेज डिझेल), अमेरिकन मॉडेलच्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवलेली. बाकी अमेरिकन आणि एक जर्मन.


आठवा_नॉच · मंगळवार, सकाळी ६:२०

मी सोलापूर विभागात डिझेलवर होतो, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. नातवाने हे पान उघडून दिलं.

निघण्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे. डब्ल्यूडीएम-२ ला आठ नॉच, म्हणजे शक्ती वाढवायच्या दांड्याच्या आठ पायऱ्या. भरलेली गाडी उठवताना पहिला नॉच दिला की आधी अँपिअरचा काटा चढतो. मग कपलिंगं एकेक करत ताणली जातात आणि तो आवाज मागे मागे जातो. शेवटचा डबा हलल्याचं अंगाला कळतं. मग दुसरा नॉच. घाईने नॉच ओढले तर डिझेल लगेच मिळतं आणि टर्बोची हवा मागून येते. अल्कोचा (डब्ल्यूडीएम-२ चा आराखडा ज्या अमेरिकन कंपनीचा, तिच्या इंजिनाचा) तो काळा धूर त्याचाच. २,६०० अश्वशक्ती हाताखाली असली तरी पहिला मिनिट सबुरीचाच असतो. त्यामुळे उडी मारणारं मॉडेल मलाही नको.

पण खाली बघायचं म्हणता तर नुसती मोटर बघून भागत नाही. बोगी बघा, म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा. डब्ल्यूडीएम-२ ची बोगी ट्रायमाउंट, मधला पिव्होट आणि दोन बाजूचे आधार अशा तीन ठिकाणी वजन पेलणारी. तिच्या तीन एक्सलमधली दोन अंतरं सारखी नसतात, मधला एक्सल एका बाजूला सरकलेला असतो. ज्याने शेडमध्ये खाली वाकून काम केलंय त्याला हे लांबूनही दिसतं. मॉडेलमध्ये तिन्ही चाकं सारख्या अंतरावर दिसली की मला ते इंजिन परकं वाटतं. मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-३ए इंजिनाची बोगी वेगळी आहे. एकाच सांगाड्यावर बॉडी बदलून दोन्ही नावांनी विकणं मला पटत नाही.

दुसरं म्हणजे बफर. अमेरिकन इंजिनाला बाजूचे बफर नसतात, आपल्याला असतात. ते नसले तर पुढचा चेहरा उघडाबोडका दिसतो.

तिसरं आवाज. अल्कोचं २५१ इंजिन चार स्ट्रोकचं, त्याला ठेका आहे. मालगाडीच्याच डब्ल्यूडीजी-४ चं ७१० इंजिन ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं, दोन स्ट्रोकचं, त्याची सलग घरघर. परवा एकाने मला व्हिडिओ दाखवला, इंजिन डब्ल्यूडीएम-२ आणि आवाज ईएमडीचा. मी डोळे मिटून ऐकलं आणि त्याला परत दिला.


मीटरगेज · मंगळवार, सकाळी ८:४५

काका, बोगीबद्दल १०० टक्के सहमत. अमेरिकेतल्या आरएसडी-५ या अल्कोच्याच इंजिनाला ट्रायमाउंट बोगी होती आणि तिची एचओ मॉडेलं निघाली आहेत. डब्ल्यूडीएम-२ करायला सांगाडा शोधत असाल तर त्या घराण्यातला शोधा. सहा चाकांची कुठलीही बोगी चालेल असं समजून घेतलेलं पुढे बदलता येत नाही.


रंगाची_डबी · मंगळवार, दुपारी २:१०

टिकेकरवाडी दादा, तुमची चाचणी आवडली, पण निष्कर्ष नाही पटला.

मोटर बदलता येते, फ्लायव्हील बसवता येतं, गिअर नवीन मिळतात. केबिनच्या छपराची गोलाई चुकली असेल तर ती आयुष्यभर चुकलेलीच राहते. मी रंगकाम करते, माझ्याकडे इंजिनं येतात तीच मुळी बॉडीसाठी. काय काय बघते ते सांगते.

आधी कारखान्याच्या रंगाची जाडी. हुडच्या (केबिनच्या पुढे-मागे यंत्र झाकणाऱ्या पेटीच्या) बाजूला ज्या आडव्या झापा असतात त्यांच्या फटी रंगाने बुजल्या असतील तर वर कितीही सुंदर पट्टा मारलेला असो, इंजिन साबणाच्या वडीसारखं दिसतं. मग कठडे. तारेचे कठडे सरळ राहतात आणि रंग धरतात. मऊ प्लॅस्टिकचे तुटत नाहीत हे खरं, पण त्यांवर रंग टिकत नाही, बोट लागलं की सालपटं निघतात. मग काचा. जाड काच आत खोल बसली असेल तर केबिन बंकरसारखी दिसते. आणि शॉर्ट हुड, म्हणजे केबिनच्या आखूड बाजूची पेटी. जंबो म्हणतात त्या डब्ल्यूडीएम-२ चा शॉर्ट हुड बुटका आणि खिडक्या मोठ्या, साध्याचा उंच. नंबर एकाचा आणि बॉडी दुसऱ्याची अशी दोन इंजिनं मी स्वतः परत पाठवली आहेत.

आता थ्रीडी प्रिंटच्या बॉड्या मिळतात, त्यामुळे भारतीय इंजिन करणं खूप सोपं झालंय. पण प्रिंटचे थर घासून, प्रायमर मारून, परत घासून घालवावे लागतात, आणि दरवाजांच्या बिजागऱ्या त्यात झिजून जाऊ द्यायच्या नसतात. इथे सोलापुरात एक गोष्ट जास्त सांभाळा. पीएलए हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मागच्या मे महिन्यात एक बॉडी घेऊन मी विजापूर रोडला गेले आणि ती बंद गाडीत अर्धा दिवस राहिली. संध्याकाळी बघते तर हुड केळ्यासारखा वाकलेला. तीन आठवड्यांचं काम होतं. तेव्हापासून रेझिनची किंवा एबीएसची बॉडी असेल तरच काम घेते.


नवखा_रूळ · मंगळवार, दुपारी ३:००

ताई, वाचूनच वाईट वाटलं. वाचनखूण साठवली.


पूर्वभाग · मंगळवार, रात्री ११:३०

आमचा यंत्रमागाचा व्यवसाय, घर वर आणि माग खाली. दिवसभर टॉवेल निघतात. रात्री माग थांबले की मी माझा रूळ झाडतो, त्यामुळे मला जे दिसतं ते बाकीच्यांना कमी दिसत असेल.

रविवारी जी चार इंजिनं नापास झाली त्यांतली दोन माझी होती. आज दोन्ही उघडली. बोगीच्या तळाचं झाकण काढलं तर प्रत्येक एक्सलभोवती सुताचे तंतू गुंडाळलेले, ग्रीसमध्ये मुरून लोकरीच्या दोरीसारखे घट्ट झालेले. चिमट्याने ओढले तर बोटभर लांब निघाले. मोटरच्या ब्रशपाशीही तसंच. ग्रीस तर वाळून मेणासारखं झालं होतं, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, माडीवर पत्रा असेल तर अजून जास्त.

सगळं काढलं. गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले, प्लॅस्टिकला चालणारं तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब घातलं. चाकं पुसली. मग घरच्या रुळावर वेळ लावली.

पहिलं इंजिन: ६६ सेकंद. तेच, जे रविवारी दोनदा थांबलं होतं.

दुसरं सुधारलं नाही. ते टक-टक करत चालतं, चाकाच्या एका फेऱ्याला एक टक. भिंग लावून बघितलं तर एक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर चिरलेला. धातूच्या एक्सलवर तो दाबून बसवलेला असतो, वर्षानुवर्षं ताणात राहून फाटतो. चिरेपाशी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि तिथे तो अडकतो. वापरलेलं इंजिन घेताना हे नक्की तपासा: इंजिन उलटं धरा, थोडी वीज द्या आणि कान लावा. नियमित टक ऐकू आली तर गिअर नवीन मिळेल का याची चौकशी आधी, पैसे नंतर.

एक अजून. जुन्या इंजिनाच्या ओतीव सांगाड्याला बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर हात लावू नका. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली की तो आतून कुजतो, फुगतो, नंतर भुगा होतो. त्याला औषध नाही.


आठवा_नॉच · बुधवार, सकाळी ६:१०

शेडमध्येही इंजिन आल्यावर पहिलं काम धुण्याचंच असायचं. पूर्वभाग यांनी योग्य केलं.


मीटरगेज · बुधवार, सकाळी ९:२५

सगळे खाली आणि वर बघताय, जरा समोरून बघा.

आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागिले ८७, उत्तर १९.३ मिमी. एचओचा रूळ १६.५ मिमी, कारण तो १४३५ मिमीच्या रुळासाठी आहे. म्हणजे आपलं एचओ इंजिन जवळजवळ पावणेतीन मिमी आत ओढलेल्या पायांवर उभं असतं. बाजूने कळत नाही, समोरून फोटो काढला की कळतं. ब्रिटिश ओओ मध्ये, १:७६ ला, फरक साडेपाच मिमीवर जातो.

मी उलटा हिशेब केला. १६.५ मिमीच्या रुळावर आपला ब्रॉडगेज बरोबर बसायला प्रमाण १:१०१.६ हवं. म्हणजे १:१०० घेतलं तर रुळात पाव मिमीची चूक राहते, ती कोणालाच दिसणार नाही. १७.१२ मीटरची डब्ल्यूडीएम-२ तिथे १७.१ सेंटिमीटरची होते. चाकाचा व्यास १०९२ मिमी, तो १०.९ होतो. आणि १:१०० हे वास्तुविशारदांचं रोजचं प्रमाण आहे, त्यामुळे त्या मापाची माणसं, झाडं, गाड्या मिळतात. बॉडी प्रिंटच करायची असेल तर ८७ ऐवजी १०० ने भागायला कितीसा वेळ लागतो? अडचण एकच, बाजारातला तयार डबा त्याच्यामागे शोभत नाही, सगळी गाडी आपणच करायची.

माझा जीव मात्र होटगी-गदग मार्गावर. तो मीटरगेज होता तेव्हा आम्ही विजापूरला त्याच गाडीने जायचो. १००० भागिले ८७ म्हणजे ११.५, आणि १२ मिमीचा रूळ तयार मिळतो. वायडीएम-४ या मीटरगेज डिझेलसाठी याहून जवळचं काही नाही.


कुर्डुवाडी_७६२ · बुधवार, सकाळी १०:०५

बार्शी लाइट रेल्वेवाले (ती ७६२ मिमीची नॅरोगेज) सगळ्यांत सुखी. ७६२ भागिले ८७ = ८.७६. एन गेजचा ९ मिमी रूळ घ्या आणि कामाला लागा. फक्त स्लीपर बदला, ते फार जवळजवळ असतात.


रंगाची_डबी · बुधवार, सकाळी ११:४०

मीटरगेज, १:१०० चं गणित पहिल्यांदाच ऐकलं. प्रिंट काढलात तर पहिला रंग मी मारणार, आत्ताच सांगून ठेवते.


नवखा_रूळ · बुधवार, दुपारी १:१५

माझा प्रश्न राहिलाच. पहिलं इंजिन कुठलं घेऊ? मित्र म्हणतो जड असेल ते चांगलं.


टिकेकरवाडी · बुधवार, रात्री ९:३०

वजनाबद्दल मित्राचं बरोबर आहे, आणि त्यात एक गंमत आहे. खरी डब्ल्यूडीएम-२ ११२.८ टनांची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ ने भागली तर मॉडेलचं वजन फक्त १७१ ग्रॅम भरतं. माझं काटो स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकलं तर ४३० ग्रॅम. चाकं रुळाला धरून राहावीत, वीज नीट यावी आणि दहा डबे ओढावेत म्हणून सांगाडा मुद्दाम जड ओततात. हलकं इंजिन रबरी कड्या घालून ओढायला लावता येतं, पण रबर घातलेल्या चाकातून वीज येत नाही आणि ते रूळही घाण करतं. मी तरी बिनरबराचं जड इंजिन घेईन.

घेण्याआधी एकदा पुण्याला जाऊन या. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे, सगळं एचओ. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन त्याच रात्री परत येता येतं. चालती इंजिनं तासभर बघा. काय आवडतं ते तुमचं तुम्हाला कळेल, मग इथे विचारा.

आता माझ्या मूळ मुद्द्याबद्दल. पूर्वभागचा प्रतिसाद वाचून मंगळवारी रात्री झोप लागली नाही. रविवारी मी चार इंजिनांना नापास म्हटलं, त्यांतलं एक तरी निर्दोष होतं. त्याच्या पोटात सूत होतं. मी दोष घडवणाऱ्यावर टाकला आणि तो आपल्या गावच्या हवेचा निघाला. चार पावसाळे आणि चार उन्हाळे न उघडता ठेवलेलं इंजिन मी कोऱ्यासारखं मोजलं, हे चुकलंच.

आज ते देखणं इंजिन, ३० सेकंदांचं, मालकाला विचारून उघडायला घेतलं. तासभर लागला. टोपण चार चिकटवलेल्या खुंट्यांवर बसवलंय, कठडे काढल्याशिवाय ते निघत नाही, आणि कठडे काढले की त्यांची टोकं मोडतात. बोगीचं झाकण तर निघतच नाही. आत सूत आहे की गिअर चिरलाय हे मला आजही सांगता येत नाही. याउलट काटोचं टोपण बाजूंना बोटांनी जरा दाबून वर उचललं की हातात येतं.

म्हणून माझं मत बदललंय, पण ताई म्हणतात त्या दिशेने नाही. मोटर आणि फ्लायव्हील महत्त्वाचं आहेच. त्याच्याही आधी मी आता बघणार ते हे की इंजिन न मोडता उघडतं का. ताई, तुम्ही म्हणालात की मोटर बदलता येते. उघडलं तर बदलता येते.


रंगाची_डबी · बुधवार, रात्री १०:१०

हे मान्य. रंगासाठीही टोपण सुटं व्हावंच लागतं. चिकटवलेल्या काचा असतील तर मी आधीच नाही म्हणते.

पण छपराची गोलाई मी सोडणार नाही.


आठवा_नॉच · गुरुवार, सकाळी ६:१५

सोडू नका. माझ्याकडे केबिनच्या आतले आणि छपरावरून काढलेले जुने फोटो आहेत. शॉर्ट हुड, लाँग हुड, दोन्ही बाजूंनी. पुष्कळ वेळा आम्ही लाँग हुड पुढे ठेवून चालवायचो, सगळं इंजिन डोळ्यांसमोर आडवं असायचं, त्यामुळे त्या हुडवरचं प्रत्येक झाकण पाठ आहे. नातू स्कॅन करून टाकेल. कुणाला बोगीची मापं तपासायची असतील तर मॉडेल घेऊन घरी या, मी रेल्वे लाइन्सच्या मागेच राहतो.


पूर्वभाग · गुरुवार, रात्री ११:५०

काका, रविवारी येतो. चिरलेला गिअर बदलून होईल तोवर. व्हर्नियर मी आणतो, चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतरही मोजून घेऊ, १४.४ मिमीच्या आसपास हवं. माझं एक इंजिन सांध्यावर नेहमी एकाच चाकाने उतरतं.


टिकेकरवाडी · शुक्रवार, सकाळी ७:०५

रविवारी दहा वाजता काकांकडे. रूळ मी आणतो, या वेळी दोन मीटर, म्हणजे १२६ सेकंद. ज्यांची इंजिनं आहेत त्यांनी शनिवारी रात्री खालचं झाकण काढून एकदा बघून घ्या. नवखा_रूळ, तुम्हीही या, स्टॉपवॉच तुमच्या हातात देतो.